दौलतकाकांची खात्री

दौलतकाका गेल्याचं त्यांच्या मुलानं, प्रवीणनं, मला परदेशातून फोनवर सांगितलं. तो रडत होता, आणि माझ्या मनात आधी आलं ते असं, की काकांनी ही बातमी नुसती ऐकून मानलीच नसती. ‘कोण म्हणते? तू सोता पाह्यलं का? डाक्टर कोण होता?’ एवढं विचारून झाल्यावर त्यांनी चपला घातल्या असत्या आणि ‘चल, मोका पाहू’ म्हणून निघाले असते. मोका पाहणं म्हणजे जागेवर जाऊन खात्री करणं. शब्द पटवाऱ्याचा, निजामाच्या काळापासून चालत आलेला. पण आमच्या गावात तो पटवाऱ्यापेक्षा काकांच्याच तोंडी जास्त असायचा.

आमचं गाव जैनथच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. नदीपल्याड महाराष्ट्र, अल्याड तेलंगणा. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान काकांच्या घरासमोर होतं, अजून आहे. काका आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. गाड्या लागल्या की शेतकरी वरच्या थराला दुधासारखा कापूस ठेवायचे. काका वरचा थर बघायचेच नाहीत. शर्टाच्या बाहीसकट हात खांद्यापर्यंत आत खुपसायचे, तळातली मूठभर ओढून नाकाला लावायचे आणि म्हणायचे, ‘पाणी मारलं हाय.’ बहुतेक वेळा मारलेलं असायचंच. माझ्या मते तिथंच घोटाळा झाला. संशय खरा निघायची त्यांना सवय लागली.

ती सवय नोकरी सुटली तरी सुटली नाही. दुधात बोट, गुळावर नख, टरबूज चारी बाजूंनी वाजवून. माझ्याकडं मोबाईल दुरुस्तीला दिला तर समोर बसून राहायचे, मधला स्क्रू मी बदलतो की काय म्हणून. सुमनकाकू म्हणायच्या, “लग्नात अंतरपाट धरला होता ना, तं यायनं खालून वाकून पाह्यलं. पोरगी तीच हाय का म्हणून!” काका त्यावर हसायचे नाहीत. “तवा लोक बदलत होते पोरी,” एवढंच म्हणायचे.

जैनथच्या देवळात वर्षातल्या ठरावीक दिवसांत सकाळचं ऊन थेट गाभाऱ्यात जातं आणि देवाच्या पायांवर पडतं. बघायला गर्दी होते. एका वर्षी काकाही गेले. लोक हात जोडून उभे असताना यांनी दारात मधोमध छत्री उघडली. देवाचे पाय अंधारले. पुजारी धावला, लोक ओरडले, तेलुगूत आणि मराठीत दोन्हीकडून शिव्या पडल्या. काकांनी छत्री मिटली, पुन्हा ऊन पायांवर गेलं, मग ते शांतपणे म्हणाले, “आरसा नाही. ऊन खरंच हाय.” आणि मग त्यांनी सगळ्यांच्या आधी, अगदी मनापासून, साष्टांग नमस्कार घातला. हे मी विसरत नाही. माणूस नास्तिक नव्हता. त्याला देव तपासून हवा होता, एवढंच.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रवीण शेतीचं शिकला आणि फुलांच्या मळ्यातल्या नोकरीसाठी दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर नावाच्या देशात गेला. “नाव आयकलं तं औषधाचं वाटते,” काका म्हणाले. तिथं त्यानं मारिएला नावाच्या मुलीशी लग्न केलं. लग्नानंतर माझ्या दुकानातून व्हिडिओ कॉल लागला. तिकडून ती ‘नमस्ते, बाबा’ म्हणाली. काकांनी फोन हातात घेऊन इकडं तिकडं वळवला, जणू ती पोरगी फोनच्या मागं दिसणार होती.

“कोर्टात केलं का?” त्यांनी प्रवीणला विचारलं.

“कोर्टात, बाबा.”

“चर्चमधी?”

“नाही, बाबा. फक्त कोर्टात.”

फोन ठेवल्यावर काका मला म्हणाले, “‘फक्त’ काऊन म्हणला तो?”

पुढच्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं आणि नागपूरला ऑपरेशन झालं. प्रवीण एकटा आला, थोडे दिवस राहिला, गेला. सूनबाईला दिवस गेले होते म्हणून ती आली नाही. काकांनी हेही मनात ठेवलं. मग नात झाली. तिचं नाव ज्योती लूस. “एका पोरीले दोन नावं काऊन? एक आमाले दाखवाले, एक त्यायले वापराले?” प्रवीणनं सांगितलं की लूस म्हणजे उजेड, म्हणजे ज्योतीच. काकांनी माझ्याकडून तो शब्द तीन ठिकाणी तपासून घेतला. शब्द बरोबर निघाला, पण त्यांचं समाधान झालं नाही. नात चालायला लागल्यावर एक दिवस म्हणाले, “सुमन, मोका पाहाले जाऊ.”

अशा रीतीनं आमच्या गावचा, हैदराबादलाही फारसा न गेलेला माणूस बायकोला घेऊन पृथ्वीच्या त्या टोकाला गेला.

आमच्याकडं दिवेलागण तेव्हा तिकडं सकाळ. दुकान आवरायच्या वेळी काकांचा कॉल यायचा. पहिला आला तो किंचे नावाच्या गावातून. राजधानीजवळचं मोठं तीर्थ आहे, मेरीमातेचं. मोठ्या चर्चच्या बाजूला गाड्यांची रांग, बॉनेट उघडलेली, आणि पाद्री एकेका गाडीवर पाणी शिंपडत होता. एक टॅक्सीवाला टोपी काढून डोळे मिटून उभा.

“बबन्या, पाह्य! गाडीची पूजा!” काका ओरडले. मग आवाज खाली आणला. “पण प्रवीणची गाडी मधीच काऊन आणून उभी केली, सांग? माझ्या अंगावर बी उडालं ते पाणी. मुद्दाम उडवलं का?”

मागून काकूंचा आवाज आला, “अवो, वारा होता!”

नंतर बान्योस. तिथं गरम पाण्याचे झरे, वर ज्वालामुखीचा डोंगर. चर्चच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं, मेरीमातेनं कोणाकोणाला वाचवलं त्यांची. कोणी नदीवरच्या दोरावरून खाली पडलेला, कोणाच्या घराला आग लागलेली, डोंगर आग ओकत असताना लोक मूर्ती घेऊन निघालेले. काकांनी प्रत्येक चित्रासमोर फोन धरला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, “जे नाही वाचले त्यायचं चित्र कुठी हाय?” प्रवीण त्यांना हळू बोला म्हणत होता. मारिएला पोरीला कडेवर घेऊन बाजूला उभी होती. तिला मराठी समजत नव्हतं, पण काकांचा चेहरा समजत असावा. ती मेणबत्ती लावायला गेली तेव्हा तिनं काकांकडं पाठ केली नाही, कडेकडेनं सरकत गेली, आपल्याकडं वडीलधाऱ्यांसमोरून जातात तशी. काकूंनी हे मला नंतर सांगितलं. “यायले दिसलं नाही,” म्हणाल्या. “मले दिसलं.”

मग ते मारिएलाच्या माहेरी, दक्षिणेकडच्या लोहा शहरात पोचले, आणि तिथं काकांचा मोठा संशय खरा निघाला. मारिएलाच्या आईच्या, रोसाबाईंच्या बैठकीत भिंतीवर फोटो होता: प्रवीण कोटात, मारिएला पांढऱ्या झग्यात, मागं येशूचा क्रूस, शेजारी पाद्री.

त्या दिवशी काकांनी मला फोन केला तेव्हा व्हिडिओ बंद ठेवला होता.

“बबन्या, तुले ठाऊक होतं?”

“काय, काका?”

“पोट्टं खोटं बोललं मले.”

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं.

“धर्म बदलला नाही म्हणते,” काका म्हणाले. “नुसतं तिच्या मायच्या समाधानासाठी केलं म्हणते. आता काय मानू अन् काय नाही? एक गोष्ट खोटी निघाली का कापसाची सगळी गंजी उलटी कराव लागते.”

त्यांनी प्रवीणशी बोलणं टाकलं. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात ते पाव्हण्यासारखे जेवायचे आणि पोलिसासारखे बघायचे. तिकडं सकाळी फुलापानांचा एक लाल काढा पितात. यांनी पेला उजेडाकडं धरून पाहिला आणि ठेवून दिला. नात जवळ आली की तिच्या गळ्यात काही बांधलंय का ते आधी बघायचे, मग उचलायचे. परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का, हे त्यांनी मला गुपचूप पाहायला सांगितलं. मिळत होतं. मी ते सांगायच्या आतच दुसऱ्या दिवशी त्यांचा कॉल आला.

श्रावण चालू होता. तिकडं त्याच दिवसांत मोठी यात्रा असते. डोंगरातल्या एल सिस्ने गावातली मेरीमातेची मूर्ती लोक खांद्यावर घेऊन चालत चालत लोहा शहरात आणतात, मुक्काम करत करत. वाटेवर हजारो माणसं सोबत चालतात. मारिएला त्या यात्रेला पायी निघायची तयारी करत होती. काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं काकूंना विचारलं, लेकरू घरी टाकून हिला काय एवढं चालायचं आहे? प्रवीणनं ते दोघी मायलेकींना त्यांच्या भाषेत सांगितलं. मारिएला पिशवी भरत राहिली. तेव्हा रोसाबाईंना राहवेना. त्या फोनमध्ये आपल्या भाषेत बोलल्या, आणि फोननं ते हिंदीत करून म्हणून दाखवलं. ते ऐकल्याबरोबर काकांनी मला कॉल लावला होता.

“तू मोबाईलवाला हायेस. हे यंत्र खरं सांगते का खोटं, ते सांग मले.”

त्यांनी रोसाबाईंना पुन्हा बोलायला लावलं. एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई ओढणीशी चाळा करत फोनकडं बघून चार वाक्यं बोलली. मी ती दुकानातल्या दुसऱ्या फोनवर घेतली. माझाही फोन तेच म्हणाला: ‘मेरी बेटी ने माता को वचन दिया था। इस आदमी का दिल ठीक हो जाए तो मैं पैदल आऊँगी। तब पेट में बच्ची थी। अब जा रही है।’

“नवस,” मी म्हणालो. “तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं नवस केला होता, काका. तुमच्यासाठी.”

“माह्यासाठी?”

“हो.”

“काऊन? मी तं तिच्यासंगं बोललो बी नव्हतो.”

काकांनी फोन खाली केला, पण कॉल चालू राहिला. मला फरशी दिसत होती आणि आवाज येत होते. तो फोटो पाहिल्यापासून काका प्रवीणशी पहिलाच शब्द बोलले: “इचार तिले. काऊन केला?”

प्रवीणनं विचारलं. मारिएला हळू काहीतरी म्हणाली.

“म्हणते, मी रोज रात्री रडत होतो,” प्रवीण म्हणाला. “अन् म्हणते, तुमी तवाच गेले असते तं ती वाईट हाय हेच मनात घेऊन गेले असते. कायमचंच.”

“मंग मले सांगितलं काऊन नाही?”

“तुमी म्हणाले असते, हे बी नाटकच हाय.”

फरशीवर काकांचे पाय दिसत होते. मग काका म्हणाले, “नवस माह्या नावाचा अन् पाय तिचे, असं कुठी असते? माह्या चपला आण.”

ते किती चालले याबद्दल गावात दोन मतं आहेत. काका म्हणायचे, सगळं. काकू म्हणायच्या, चढ आला की प्रवीण गाडीत घालायचा, उतार आला की हे उतरायचे. पण चालले हे मी पाहिलंय. मारिएलानं एकदा फोन लावून दाखवलं: उघडे डोंगर, धुळीचा रस्ता, नजर जाईल तिथवर माणसं, टोप्या, छत्र्या, पाठीवर लेकरं. पुढं कुठंतरी बँड वाजत होता. घराघरापुढं बाया उकडलेला मका आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. काकांनी डोक्याला आपला पंचा बांधला होता, आणि मका खाण्याआधी त्यांनी दाणा बोटांत दाबून पाहिला. मग खाल्ला.

“मूर्ती खरी नसंल ही,” ते मला म्हणाले, दम लागला होता. “खरी आत ठेवली असंल. आपल्याकडं नाही का, मिरवाची मूर्ती अलग राह्यते.”

मारिएलानं प्रवीणकडून समजून घेतलं आणि जोरात मान हलवली. खरीच. तीच. दरवर्षी तीच.

“अन् पडली तं?”

“म्हणून खांद्यावर नेतात म्हणते, बाबा. गाडीत नाही.”

थोड्या वेळानं मूर्ती जवळून गेली. जरीचा झगा, लांब केस, वरून लोक फुलांच्या पाकळ्या टाकत होते. मारिएला फोन प्रवीणकडं देऊन गुडघ्यावर बसली. काका तिच्या बाजूला उभे राहिले, आणि लोकांचा धक्का तिला लागू नये म्हणून त्यांनी दोन्ही हात फाकवले. त्यांची नजर मूर्तीवर नव्हती. गर्दीवर होती. प्रत्येक माणसावर संशय.

परत आले तेव्हा काकूंच्या पिशवीत सिस्नेच्या मातेचं बोटभर चित्र होतं. काकूंनी ते सरळ देव्हाऱ्यात ठेवलं, लक्ष्मी आणि बासरच्या सरस्वतीच्या मधे. “लुगडं बदलतेत तिचं, आपल्या देवीवानी,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या. इथंच चुकलं. महिनाभरात गावात झालं की दौलतराव तिकडं बाटून आला. भजनी मंडळानं बोलावणं बंद केलं. हळदीकुंकवाला बाया काकूंकडं येईनाशा झाल्या. कोणी म्हणे चर्चवाल्यांनी तिकीट काढून दिलं. कोणी म्हणे छातीवर खूण गोंदली आहे. काका ओट्यावर उघडे बसत तेव्हा लोक ऑपरेशनचा व्रण बघायला म्हणून येत आणि नीट बघून जात.

शेवटी त्यांचा धाकटा भाऊ पुंडलिक माझ्या दुकानात आला. काका तिथंच बसले होते. पुंडलिकच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि व्याह्यांच्या कानावर हे गेलं होतं.

“दादा, एकदा देवळात येऊन चार लोकायपुढं सांगून दे ना का तसं काही नाही म्हणून. तुह्यं काय जाते?”

“तुले काय वाटते?” काकांनी विचारलं.

“मले काय वाटाचं? लोक म्हणतेत तू तिथी हात जोडले.”

“जत्रेत गेल्यावर हात कोणी खिशात ठेवते का रे?”

“मंग हेच सांग ना सगळ्यायले.”

“नाही सांगत.”

“काऊन?”

काकांनी पायानं चपला जवळ ओढल्या. “सांगून पटत नसते, पुंडलिक. मले कोणाचं सांगून पटलं होतं कधी? मी म्हणीन नाही, ते म्हणतीन लपवून राह्यला. मी शपथ घेईन, ते म्हणतीन शपथ खोटी. म्या सोता हेच केलं असतं.” मग उठता उठता म्हणाले, “ज्याले पाहाचं हाय त्यानं घरी यावं. देव्हारा उघडा हाय.”

पुंडलिक रागानं गेला. लग्नाची पत्रिका काकांकडं आली नाही. लग्नाच्या दिवशी काका नवं धोतर नेसून मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते, काकू सोबत, मीही. बोलावलं नाही म्हणून आत गेले नाहीत, पुतणी म्हणून घरी बसले नाहीत. अक्षता पडल्यावर पुतणी शालूसकट रस्ता ओलांडून आली आणि दोघांच्या पाया पडली. व्याही बघत राहिले. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “कोणी पाठवलं असंल का तिले?” काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

त्यानंतर हिवाळ्यात प्रवीण, मारिएला आणि पोरगी आले. महिनाभर राहिले. मारिएलानं गावात काय केलं तर रोज सकाळी ओटा झाडला, काकूंकडून भाकरी शिकली आणि जो बघायला येईल त्याला ‘या, बसा’ म्हटलं. बघायला सगळे आले. जे यायचे नव्हते ते आधी आले. तिच्या हातचा चहा पिऊन काही जण नरमले, काही नाही. पुंडलिक आला नाही.

जाताना काकाकाकूही त्यांच्याबरोबर जाणार होते, सहा महिन्यांसाठी. काका तिकडून परत आले नाहीत. पण त्याआधी मारिएलाला काहीतरी दाखवायचं म्हणून काकांनी मला गाडी काढायला लावली. पुसाचा, म्हणजे पौषाचा, महिना होता. केसलापूरच्या नागोबासाठी गोंडांच्या मेसराम घराण्यातली माणसं गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात, अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत, गावोगाव मुक्काम करत. इंद्रवेल्लीच्या पुढं आम्हाला ती रांग भेटली. आवाज नव्हता. पाय आणि काठ्या, एवढंच ऐकू येत होतं. मी गाडी बाजूला घेतली. मारिएला खाली उतरली, बूट काढले आणि हात छातीशी नेऊन क्रूस केला. रस्त्याकडेचे दोन-तीन जण वळून बघायला लागले. काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी माना फिरवल्या.

रांग पुढं गेल्यावर मारिएला त्यांच्या मागं, बरंच अंतर ठेवून, चालायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. प्रवीण आणि काकू गाडीजवळच थांबले. काकांनी चपला काढून गाडीत ठेवल्या, नातीला खांद्यावर घेतलं आणि सुनेच्या मागं निघाले. दुपारच्या उन्हानं डांबर तापलं होतं, म्हणून कडेच्या गवतातून. थोडं अंतर गेल्यावर एकदम थांबले, वळले आणि ओरडले, “बबन्या! काचा वर कर, लाक लाव! आत बॅग हाय!”

मी काचा वर केल्या. लॉक लावलं. मान वर केली तोवर ते वळणावर पोचले होते, आणि झाडीआड जाताना सगळ्यात शेवटी दिसली ती पोरीची पिवळी टोपी, काकांच्या डोक्याच्या वर, हलत हलत जाणारी.